तारेचा कायदा

धुळ्याहून सुरतेकडे निघालं की दहिवेलनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो आणि घाट उतरला की विसरवाडी. घाटाच्या अलीकडे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पावसाळी वारा सुटला की त्या जोरात फिरतात. फोटो सगळे पात्यांचेच काढतात. मी हल्ली तारांकडे बघतो.

१.२५ मेगावॉटची पवनचक्की साधारण ६९० व्होल्टवर वीज बनवते. ती तशीच पाठवली तर तारेतून हजारावर अँपिअर प्रवाह जाईल. म्हणून तिथेच ट्रान्सफॉर्मर लावून दाब ३३ हजार व्होल्टवर नेतात, प्रवाह २२ अँपिअरवर येतो. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे तो दोन हजार पटींहून जास्त घटतो. पुढे उपकेंद्रात दाब आणखी वाढवून वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. इंजिनिअरिंगला इतकं शिकवलं. मनोरा कुणाच्या वावरात उभा राहतो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

महाराष्ट्राने पवनऊर्जेचा पहिला प्रयोग १९९४ च्या सुमारास देवगडजवळ जामसंड्याला केला. नंतर साताऱ्याचं वनकुसवडे पठार. २००३ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने दर ठरवला: पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये, मग १३ वर्षांपर्यंत दरवर्षी १५ पैसे वाढ. हिशेब पक्का झाला आणि कंपन्या खानदेशाकडे वळल्या.

त्याच वर्षी नवा वीज कायदा आला. त्याचं कलम १६४ वाचून मी चकित झालो. लाईन टाकणाऱ्याला सरकार टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देऊ शकतं, म्हणजे १८८५ च्या कायद्याचे! त्यात जमीन संपादित होत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, भरपाई फक्त नुकसानीची. तारायंत्राच्या खांबाला हे ठीक होतं. २२० केव्हीच्या लाईनखाली ३५ मीटरचा पट्टा लागतो. त्यात घर बांधता येत नाही, आंबा वाढवता येत नाही.

आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही? या भागात भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आली. वनहक्क कायदा झाला २००६ मध्ये. साक्रीत वनजमीन पवनचक्क्यांना दिली म्हणून आदिवासी शेतकरी रस्त्यावर उतरले, ते याच काळात. कागद नसलेल्याचं नुकसान मोजायचं कसं, याचं उत्तर १८८५ कडे नव्हतं.

२०१५ मध्ये केंद्राने सुचवलं की मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के द्या, तारांखालच्या पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत. २०२४ मध्ये हेच २०० आणि ३० टक्के झालं. खानदेशातल्या पहिल्या लाईनी तोवर ओढून झाल्या होत्या.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने टेलिग्राफ कायदाही रद्द ठरवला. मात्र त्याचा तिसरा भाग, दुसऱ्याच्या जमिनीत खांब रोवण्याच्या अधिकाराचा, विजेच्या लाईनींसाठी चालू ठेवला आहे.