कारखान्याला गेलेला जिल्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरने बीड शहराची ओळख करून देताना तिथल्या छागला आणि गुप्त्या यांची आवर्जून नोंद घेतली आहे. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची चामड्याची पिशवी आणि गुप्ती म्हणजे काठीत दडवलेले पाते. त्या काळी अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. त्यामुळे अशा वस्तूंना गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नसणार. आज बीड म्हटले की छागल कोणालाच आठवत नाही, आठवतो तो ऊसतोडीचा कोयता. शंभर वर्षांत एका जिल्ह्याची ओळख अशी मुळापासून कशी बदलली, हे समजून घेण्यासारखे आहे.

बीडच्या जमिनीचे दोन भाग आहेत. गेवराई, माजलगावकडची गंगथडी, म्हणजे गोदावरीकाठ, काळीभोर, कापसाची. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केजचा बराचसा मुलूख मात्र बालाघाटाच्या डोंगराचा. तिथली माती उथळ आणि पाऊस बेभरवशाचा. या डोंगरपट्ट्यात ज्वारी-बाजरीच्या जोडीला जनावरे हा संसाराचा खरा आधार होता. बैल राखायचे, वाढवायचे, आठवडी बाजारात विकायचे. चामड्याचा धंदा त्याच जनावरांवर उभा होता. डोंगरउतारावर आपोआप उगवणारे सीताफळ हंगामात चार पैसे देई. बीडच्या याच सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ही घडी दुष्काळाने पुन्हा पुन्हा विस्कटली. 1899-1900 च्या दुष्काळानंतर झालेल्या 1901 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या साडेसहा लाखांच्या जवळपासच्या आकड्यावरून पाच लाखांच्याही खाली आलेली दिसते. निजामाच्या राजवटीत पाटबंधारे फारसे झाले नाहीत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, तेव्हा बीड शहराला रेल्वेही नव्हती.

नेमक्या त्याच सुमारास शेजारच्या नगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात वेगळेच काही घडत होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गोदावरी, प्रवरा, नीरा, कृष्णेच्या काठाने कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडल्यावर शक्यतो चोवीस तासांत गाळावा लागतो, नाहीतर वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. म्हणजे कारखान्याला रात्री-अपरात्री हाकेसरशी फडात उतरणारी माणसे हवीत. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो. परमुलखातून आलेला मजूर कारखान्याच्या आवारातच कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहतो, त्याला घरी जायला जागाच नसते. बालाघाटाचा शेतकरी या गणितात चपखल बसला. त्याच्याकडे बैलजोडी होती आणि सुगीनंतरचे रिकामे महिने होते. 1972 च्या दुष्काळाने तर कोरडवाहू शेतीवरचा उरलासुरला भरवसाही घालवला आणि ‘कारखान्याला जाणे’ ही दरवर्षीची रीत झाली.

या रीतीचा सगळा डोलारा उचलीवर उभा आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, बी-बियाणाला पैसा नसतो. लेकीचे लग्न याच दिवसांत ठरलेले असते. त्या वेळी मजूर जमवणारा मुकादम दारात येतो आणि जोडप्यामागे आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मोजून देतो. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा पुरुष अर्धा कोयता आणि त्याला भाव कमी. मुलामुलींची लग्ने लहान वयात उरकण्यामागे हेही एक कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर ट्रकमध्ये भांडीकुंडी, लाकूडफाटा, लेकरे भरून टोळी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे नाहीतर थेट कर्नाटकात उतरते. पहाटे अंधारातच फडाची वाट धरायची. पुरुष बुडातून ऊस तोडतो, बाई पाला साळून मोळी बांधते. दुपारनंतर गाडी आली की तीच बाई मोळी डोक्यावर घेऊन कललेल्या फळीवरून ट्रकवर चढते, वर मोळी टाकते, उतरते आणि पुन्हा चढते. दिवसाकाठी एका कोयत्याचा दीड-दोन टन ऊस होतो. एखाद्या दिवशी अंगात ताप असला तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते, तेव्हा फिटलेल्या उचलीचा आणि राहिलेल्या बाकीचा हिशेब मुकादमाच्या वहीतून निघतो. बाकी राहिली तर पुढच्या वर्षी कुठे जायचे हे आधीच ठरून जाते.

एकाच गोष्टीवर सगळा प्रदेश टेकला की काय होते, याचे जगातले ठळक उदाहरण नायजेरियाचे आहे. रेल्वे कानोला पोहोचली तेव्हा इंग्रजांना तिथून कापूस हवा होता, पण शेतकऱ्यांनी स्वतःचा फायदा ओळखून भुईमूग पेरला. हजारो पोत्यांचे शेंगदाण्यांचे उंच मनोरे कानोची शान झाले. पश्चिमेकडे कोको आणि पूर्वेकडे पामतेल, असा त्या देशाचा संसार अनेक पायांवर उभा होता. 1956 मध्ये नायजर नदीच्या मुखाजवळ ओलोइबिरीला खनिज तेल सापडले आणि 1958 पासून ते परदेशी जाऊ लागले. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले तसे सरकारचे शेतीवरून लक्ष उडाले आणि 1980 च्या दशकात कानोचे ते मनोरे दिसेनासे झाले. आजही त्या देशातली फार मोठी जनता शेतीवरच जगते. व्यापार, दूरसंचार, चित्रपटांचा धंदा, सगळे तिथे आहे. पण निर्यातीची कमाई अजून बहुतांशी तेलाचीच आहे, आणि तेल जिथे निघते त्या मुखप्रदेशातली गावे तेलगळतीने नासलेल्या खाड्यांकाठी जगत आहेत.

नायजेरियाने तेल विकले, बीडने माणसांचे कष्ट विकले. तेल निदान त्या देशाच्या तिजोरीत पैसा टाकते. बीडच्या श्रमातून तयार झालेली साखर, त्या साखरेवर उभ्या राहिलेल्या सहकारी बँका, शाळा-महाविद्यालये आणि दूधसंघ हे सगळे दुसऱ्या जिल्ह्यांत राहिले. बीडला परत आली ती फेडून उरलेली थोडी रक्कम आणि थकलेली माणसे. पश्चिम महाराष्ट्राच्या सहकाराचे कौतुक व्हायलाच हवे, पण त्या इतिहासात बालाघाटाच्या टोळ्यांना दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, हा मोठा अन्याय आहे.

जिल्ह्यात दुसरे काही आलेच नाही असे नाही. परळीला 1971 मध्ये 30 मेगावॉटच्या संचाने औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि 1980 च्या दशकात 210 मेगावॉटचे मोठे संच आले. पण कोळसा बाहेरचा आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचे. 2013 च्या टंचाईत पाणीच नसल्याने केंद्र बंद ठेवावे लागले. परळीच्या आसपास त्या केंद्राच्या राखेवर वीटभट्ट्या चालतात आणि तिथेही पुन्हा उचल घेऊन आलेले मजूरच राबतात. पैठणला 1976 मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, उजव्या कालव्याने गेवराई-माजलगावच्या रानात पाणी आले आणि सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले. जिल्ह्यातही साखर कारखाने उभे राहिले. पण कालवा डोंगर चढत नाही. पाणी गंगथडीला मिळाले, टोळ्या घाटावरून जातच राहिल्या.

या टोळ्यांच्या बळावर राजकारण मात्र मोठे झाले. नगरचे बबनराव ढाकणे, परळीजवळच्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे या नेत्यांनी कोयता बंद करून कारखानदारांना बोलणीला बसवले, दरवाढीसाठी लवाद मान्य करायला लावला. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरवली. टनामागे काही रुपये वाढतात, ते गरजेचेच आहेत. पण उचलीचा करार कागदावर येत नाही, हजेरीपट नसतो आणि कारखाना मजुराला आपला कामगार मानत नाही.

त्याची किंमत बायकांनी शरीराने मोजली. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. फडात शौचालय नाही, पाळीत विश्रांती नाही, खाडा परवडत नाही आणि दवाखान्यात घाबरवून शस्त्रक्रिया सुचवली जाते. या सगळ्याचा एकत्र परिणाम त्या आकड्यात आहे.

आता फडात तोडणीयंत्रे येऊ लागली आहेत आणि सरकार त्यांना अनुदानही देते. तेलाचा भाव 1980 च्या दशकात कोसळला तेव्हा नायजेरियाकडे निर्यातीला दुसरे फारसे काही उरले नव्हते. यंत्रांनी कोयत्याची जागा घेतली तर बालाघाटावर तशीच वेळ येईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घ्यायचे ठरले आहे. हा पैसा घाटावरच खर्च व्हायला हवा. पाणलोटाची कामे, शेळ्या आणि दुभती जनावरे, सीताफळाच्या गराचे कारखाने आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामभर चालणारी वसतिगृहे यांवर तो लागला पाहिजे. 1995 च्या सुमारास मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गावर 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत पहिली प्रवासी गाडी आली. पुढचा परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण झाला की घाटावरचा माल बाहेर न्यायला जिल्ह्याला सलग लोहमार्ग मिळेल.