टकळी आणि सरकारी ठराव

अंजनगांव सुर्जीचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत एकदांच येतें. आडगांवची लढाई आणि गाविलगडचा पाडाव झाल्यावर ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशीं येथें तह झाला. तेवढी तारीख पाठ केली कीं विद्यार्थी या गांवाचा निरोप घेतो. परंतु ज्या वऱ्हाडांत हें गांव वसलें आहे, तेथील शाळांतून नवीं साधनें आणण्याचे सरकारनें जे प्रयोग आरंभिले, त्यांचा इतिहासही त्या तहाइतकाच मननीय आहे असें आम्हांस वाटतें.

शिक्षण केवळ पुस्तकी आहे ही तक्रार फार जुनी. १८८२ च्या हंटर कमिशननें हायस्कुलांत प्रवेशपरीक्षेच्या वाटेशेजारीं व्यवहारोपयोगी शिक्षणाची दुसरी वाट काढण्याची शिफारस केली होती. लोक पहिल्याच वाटेनें गेले, कारण नोकरी त्या वाटेवर होती.

मोठा प्रयोग पुढें १९३७ सालीं निघाला. ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास महात्माजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें योजनेचा तपशील ठरविला. रोजच्या साडेपांच तासांपैकीं तीन तास वीस मिनिटें हस्तव्यवसायास. मातृभाषेस चाळीस मिनिटें. वर्षांत कामाचे दिवस २८८. हे आंकडे वाचून कोणासही वाटेल कीं ही शाळा नव्हे, कारखाना आहे. प्रा. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच तसा आक्षेप घेतला होता: मुलांनीं केलेला माल बाजारांत आला तर गरीब कारागिराच्याच पोटावर पाय येईल. तथापि योजनेचा गाभा निराळा होता. टकळीवर निघालेल्या सुताच्या तारा मोजतांना गणित यावें, कापसाच्या रोपावरून निसर्गाभ्यास व्हावा, कापूस कोठून निघून कोठें जातो यावरून भूगोल व इतिहास उलगडावा, अशी तींत कल्पना होती. टकळी हें पुस्तक व्हावयाचें होतें.

मध्यप्रांत-वऱ्हाडचे त्या वेळचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनीं याच सुमारास विद्यामंदिर योजना काढली. गांवानें जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, आणि शिक्षक वर्ध्यास तयार व्हावे, असा तिचा बेत. 'मंदिर' या शब्दावरून मुसलमान समाजांत मोठा क्षोभ झाला, आणि नोव्हेंबर १९३९ मध्यें मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिल्यावर योजनेचा पाठीराखाच गेला.

आतां वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या बाजूनें पाहूं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें येथील कापसास सोन्याचा भाव आला. पुढें जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी अंजनगांवावरून जात असे आणि ती मुख्यतः कापूस वाहण्यासाठींच घातलेली होती. घरचा चरका तर कधींच अडगळींत पडला होता. ज्याची बंडी बाजारांत रिकामी होऊन गठ्ठे मुंबईस जात, त्या बापास मुलाच्या हातीं टकळी पाहून काय वाटलें असेल? शहरांतल्या वकिलाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आपला सूत काढणार, हा संशय अडाणीपणाचा नव्हता. एकाच राज्यांत दोन प्रकारच्या शाळा ठेवून त्यांतली एक खेड्यास देऊं केली, तर खेडें तिला कमी प्रतीचीच समजणार. आमच्या मतें योजनेचें खरें वैगुण्य येथें होतें, सुतांत नव्हे.

दुसरी अडचण शिक्षकाची. कापूस, हिशेब आणि भूगोल यांचा मेळ घालणें हें विद्वानासही कठीण. तें प्राथमिक शिक्षकाकडून थोडक्या दिवसांच्या तयारीवर अपेक्षिलें गेलें. टकळ्या मोजून अहवाल लिहितां येतो, हा मेळ मोजतां येत नाहीं. मग सूतकताई हा एक स्वतंत्र तास होऊन बसली.

१९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत गेलें, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. कोठारी आयोगानें १९६६ सालीं 'कार्यानुभव' सुचविला. १९८४ मध्यें केंद्र सरकारनें निवडक शाळांत संगणक पाठविले, १९८७ मध्यें खडू-फळा मोहीम निघाली. म्हणजे संगणक आधीं आणि फळा मागून. हा क्रम आम्हांस मौजेचा वाटतो. २२ जून १९१५ नव्हे, २०१५ रोजीं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय झाला आणि त्यानंतर अनेक गांवांनीं लोकवर्गणी काढून शाळांस पडदे व टॅब्लेट घेऊन दिले. शतक चुकून लिहावें इतकी ही रीत ओळखीची आहे: तेव्हां गांवानें जमीन द्यावयाची होती, आतां वर्गणी, ठराव दोन्ही वेळां वरूनच आला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकविण्याची सूचना आहे, तशीच दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशीं धाडण्याचीही आहे. अंजनगांवाच्या शिवारांत पानमळे आहेत आणि पानपिंपरीही पिकते. वेलीस सावली किती द्यावी, पाणी केव्हां तोडावें, पान केव्हां खुडावें, हें जाणणारा बारी शाळेपासून फार दूर राहत नाहीं. त्या दहा दिवसांत मुलें त्याच्या मळ्यांत गेलीं, तर परत आल्यावर त्याचें गणित व विज्ञान वर्गांत कोण मांडणार, याविषयीं शाळेस आधीं तयारी करावी लागेल. आणि १९३७ सालीं नेमकी तीच तयारी राहून गेली होती.