हापशीचे वायसर आणि बोटीचा संडास

यवतमाळ जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही शिडाच्या बोटीच्या संडासावर लिहितो आहे, त्याला कारण हातपंप. हापशा दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षे गेली. मुंबईला एका स्नेह्याच्या जुन्या बोटीवर गेलो, तर तिथला संडास बिघडलेला. कुणी हात न लावताही भांडे समुद्राच्या पाण्याने हळूहळू भरत होते. दांडा, दट्ट्या, झडप पाहिली आणि ओळख पटली. ही तर आपली हापशीच!

या संडासाला बोटीच्या तळातून दोन वाटा असतात. एकीतून दट्ट्या समुद्राचे पाणी ओढतो, दुसरीतून मैला बाहेर ढकलतो. भांडे बहुधा पाण्याच्या पातळीखाली असते. म्हणून नळी कमानीसारखी वर नेऊन तिच्या माथ्यावर हवेची छोटी झडप बसवतात. नाहीतर पाणी आपोआप आत ओढले जाते. मी आधी पाणी आत घेणारी चावी बंद केली. भरणे थांबले. म्हणजे दोष मैल्याच्या वाटेत नव्हता. कमानीवरची झडप उघडली, तर ती मिठाने बुजलेली. गोड्या कोमट पाण्याने धुतली, काम झाले. झडप दोन रुपयांच्या नाण्याएवढी, पण ती बुजलेली आणि चावी उघडी राहिली, तर नांगरलेली बोट बुडू शकते.

मग या यंत्राचा इतिहास शोधू लागलो. जुन्या जहाजांवर खलाशी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बसत. लाटाच सफाई करत. म्हणून बोटीच्या संडासाला इंग्रजीत आजही ‘हेड’ म्हणतात. 1778 मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने बिजागरीच्या झडपेच्या संडासाचे पेटंट घेतले. याच ब्रामाने 1795 मध्ये पाण्याच्या दाबाचा प्रेस बनवला. त्यात वापरलेल्या चामड्याच्या वाटीचे तत्त्व असे, की दाब वाढला की वाटीची कड भिंतीला अधिक घट्ट बसते. आमच्या हापशीतले चामड्याचे वायसर याच तत्त्वावर चालते.

हापशीची कथा तर महाराष्ट्रातलीच. आधीचे बिडाचे पंप परदेशी घरगुती पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबासाठीचा पंप अख्खे गाव दिवसभर हापसू लागल्यावर तो टिकणार कसा? जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, सोलापुरात तो सुधारला, आणि 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्यातून ‘इंडिया मार्क दोन’ उभा राहिला. पंप मजबूत होता. पण वायसर बदलायचे तर जमिनीतले सगळे पाइप वर काढावे लागत. त्यासाठी गाडी हवी, माणसे हवीत, आणि तोवर बाया दूरच्या विहिरीवर. ‘मार्क तीन’मध्ये पाइप रुंद केले, त्यामुळे पाइप न उपसता दट्ट्या वर काढता येऊ लागला.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जर्मनीच्या यू-1206 या पाणबुडीचे. खोल पाण्यातही चालणारा तिचा संडास इतका गुंतागुंतीचा होता, की तो चालवायला प्रशिक्षित माणूस लागे. 14 एप्रिल 1945 रोजी स्कॉटलंडजवळ त्या संडासातूनच समुद्र आत शिरला. पाणबुडी वर आणावी लागली, ब्रिटिश विमानांनी ती टिपली, आणि शेवटी खलाशांनीच ती बुडवली. काही जण प्राणाला मुकले.

2009 साली कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 2010 मध्ये परतले. भर समुद्रात मिस्त्री कुठून बोलावणार? एकट्याने जायचे, तर बोटीतले प्रत्येक यंत्र स्वतःला उघडता यायला हवे.

यंत्र कुणी शोधले, हे इतिहासात नोंदले जाते. ते बंद पडल्यावर कुणाला उघडता येते, हे फारसे कुणी विचारत नाही. आता गावोगावी नळ येत आहेत, हे चांगलेच आहे. पण नळयोजनेचा पंप बंद पडला, तर तो उघडणारा माणूस आणि त्याचा पाना गावातच असावा, एवढे मला या दोन पंपांनी शिकवले.