गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे

अंतरवाली सराटीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

बैठकीत ठराव वाचला जातो. कुणी काही बोलत नाही. वहीत लिहिलं जातं, 'सर्वानुमते मंजूर'. पण गप्प बसलेल्या प्रत्येकीला तो मान्य असतोच का? हाच प्रश्न कायदा शिकवणाऱ्या चौघांनी एकदा थेट सर्वोच्च न्यायालयाला विचारला होता.

गोष्ट आहे २६ मार्च १९७२ ची. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजची एक आदिवासी मुलगी. आईबाप नाहीत, मजुरी करणारी, वय सोळाच्या आत-बाहेर. तक्रारीच्या चौकशीसाठी रात्री पोलीस ठाण्यात गेली होती. तिथेच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही, म्हणजे बळजबरी नव्हती, असा तो हिशोब.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकाल मोठ्या न्यायालयाचा म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. एकेक मुद्दा तपासला. ठाणं पोलिसांचं, रात्रीची वेळ, पोर एकटी. ती भीतीने निमूट राहिली, तर त्याला संमती कसं म्हणायचं? गाईला चार पाय असतात, म्हणून चार पायांचं प्रत्येक जनावर गाय होत नाही. तसंच संमती देणारी गप्प असेलही, पण गप्प असलेली प्रत्येक जण संमती देत नसते.

ते पत्र वाचून १९८० मध्ये देशभर बाया रस्त्यावर उतरल्या. तो निकाल काही फिरला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या बाईशी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं तिने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने तेच धरून चालायचं. पीडितेचं नाव छापणंही गुन्हा ठरलं.

असं तपासून बघायला वकिलीची पदवी लागत नाही. पुढच्या बैठकीत सही-अंगठ्याआधी एवढंच विचारू: यातलं घडलेलं किती, आणि कुणी धरून चाललेलं किती? आणि जी गप्प बसलीय, तिला नाव घेऊन विचारू, 'बाई, तुझं काय म्हणणं?'