रायफल कीं काडतूस ?

जुनीं शस्त्रें पाहण्याची हौस सर्व देशांत आढळते. आपल्याकडील राजवाड्यांतून व संग्रहालयांतून दांडपट्टे, बिचवे, तोड्याच्या बंदुका भिंतीवर मांडलेल्या असतात. प्रेक्षक घटकाभर कौतुकानें पाहतो आणि पुढें जातो. अमेरिकेंत या हौसेचें रूप निराळें आहे. दुसऱ्या महायुद्धांत किंवा त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत जीं शस्त्रें सैनिकांच्या खांद्यावर होतीं, तींच तेथील हौशी नेमबाज विकत घेतो आणि सुटीच्या दिवशीं मैदानावर नेऊन कागदी लक्ष्यांवर चालवितो. अशा जुन्या अर्धस्वयंचलित रायफलींपैकीं कोणती घ्यावी, हा त्या मंडळींत कधीं न संपणारा वाद आहे. आपल्या कायद्यानें लष्करी बोअरच्या रायफली सामान्य नागरिकांस निषिद्ध असल्यामुळें हा प्रश्न हौस म्हणून आपल्यापुढें येत नाहीं. परंतु इतिहास म्हणून तो विचार करण्याजोगा आहे. कारण आज एक नेमबाज जी निवड आपल्या करमणुकीसाठीं करतो, तीच निवड करतांना एके काळीं मोठमोठीं राष्ट्रें अडखळलीं होतीं.

अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुन्या रायफलींत प्रत्येक गोळीनंतर सैनिकास हातानें बोल्ट मागेंपुढें ओढून रिकामें काडतूस बाहेर टाकावें लागे व नवें आंत घ्यावें लागे. दारूच्या स्फोटानें नळींत जो वायु उत्पन्न होतो, त्याचाच थोडासा अंश वळवून त्याच्याकडून हें काम करून घ्यावयाचें, ही नव्या रायफलीची युक्ति. घोडा एकदां ओढला कीं गोळी एकच सुटते. पण पुढचें काडतूस आपोआप नळींत येऊन बसतें. नेम न मोडतां पुन्हां घोडा ओढतां येतो, हा तिचा मोठा लाभ.

या प्रकारांत अग्रमान जॉन गॅरंड याच्या रायफलीस दिला जातो. गॅरंड १८८८ सालीं कॅनडांतील क्विबेक प्रांतांत जन्मला. लहानपणींच तो अमेरिकेंत आला, कापडाच्या गिरणींत कामास लागला, तेथेंच यंत्रांशीं त्याची ओळख झाली, आणि १९१९ पासून स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंत त्यानें या एका रायफलीचा ध्यास घेतला. त्याचा प्रतिस्पर्धी जॉन पेडरसन हा नामांकित शस्त्रकार होता. पेडरसनची रायफल सुबक होती. परंतु तिच्या काडतुसांवर मेणाचा कठीण लेप द्यावा लागे, एरव्हीं तीं सुरळीत बाहेर पडत नसत. पेडरसननें रायफलीबरोबर नवें काडतूसहि सिद्ध केलें होतें. त्याचें माप ०.२७६ इंच. प्रचलित ०.३० इंची काडतुसापेक्षां तें हलकें, त्याचा धक्का कमी. गॅरंडनेंहि आपली रायफल त्या मापास जुळवून घेतली. तींत एका वेळीं दहा काडतुसें मावत. परीक्षकांनीं गॅरंडचें यंत्र आणि पेडरसनचें काडतूस अशी जोडी पसंत केली. निर्णय जवळजवळ झालाच होता.

१९३२ सालीं सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनीं तो फिरविला. सैन्याच्या कोठारांत ०.३० इंची काडतुसांचा प्रचंड सांठा पडलेला होता, मशिनगनाहि त्याच काडतुसावर चालत, आणि मंदीच्या त्या दिवसांत सैन्याच्या तिजोरींत पैसा नव्हता. एका पायदळास दोन प्रकारचीं काडतुसें पुरविणें त्यांस परवडणारें नव्हतें. रायफल हवी असेल तर ती जुन्या काडतुसाची करा, असा हुकूम झाला. गॅरंडनें मुकाट्यानें यंत्र मोठें केलें. दहांऐवजीं आठ काडतुसें मावूं लागलीं. १९३६ च्या जानेवारींत ही रायफल सैन्यानें स्वीकारली. पायदळाचें मुख्य शस्त्र म्हणून एखाद्या राष्ट्रानें अर्धस्वयंचलित रायफल पत्करल्याचें हें पहिलें उदाहरण होय.

मॅकार्थरांचा निर्णय चुकला कीं बरोबर ठरला ? आम्हांस वाटतें, दोन्हीहि. महायुद्धांत जर्मन व जपानी पायदळाची मुख्य भिस्त हातानें बोल्ट ओढावयाच्या रायफलींवर होती, तेव्हां अमेरिकन शिपायाच्या हातीं गॅरंड होती. त्या युद्धाच्या काळांत सुमारें ४० लक्ष गॅरंड तयार झाल्या. नव्या काडतुसाचा हट्ट धरला असता तर इतका पुरवठा वेळेवर झाला असता काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु साडेनऊ पौंडांची ती रायफल आणि तिचीं जड काडतुसें यांचें ओझें त्याच शिपायानें वाहिलें, हेंहि तितकेंच खरें. ज्यानें ती घडविली त्यास मात्र पगाराखेरीज फारसें कांहीं मिळालें नाहीं. त्यास एक लक्ष डॉलर द्यावेत असा ठराव अमेरिकन कायदेमंडळापुढें आला, तो संमत झाला नाहीं.

आजच्या नेमबाजास हा इतिहास पुस्तकांतून वाचावा लागत नाहीं; रायफलच तो शिकविते. गॅरंडमध्यें आठ काडतुसें पोलादी क्लिपेसह वरून दाबून बसवावीं लागतात. अंगठा वेळीं काढला नाहीं तर बोल्ट त्यावर आदळतो. आठवी गोळी सुटली कीं रिकामी क्लिप खणकन् बाहेर उडते. पण खरी मेख दुकानांतील काडतुसांत आहे. ०.३० इंची काडतूस शिकाऱ्यांसाठीं आजहि विकलें जातें. त्यांतील कांहींत जड गोळी व सावकाश जळणारी दारू असते. अशा दारूचा दाब नळीच्या टोंकाशीं, म्हणजे जेथून वायु घेतला जातो तेथें, प्रमाणाबाहेर राहतो आणि बोल्ट मागें ढकलणारा लांब दांडा त्या तडाख्यानें वांकूं शकतो. म्हणून जाणता नेमबाज महायुद्धकालीन प्रमाणाचीं, १५० ग्रेन वजनाच्या गोळीचीं काडतुसेंच वापरतो. ज्या सांठ्यासाठीं ही रायफल मोठी करावी लागली, त्या जातीच्या काडतुसावांचून तिचें आजहि चालत नाहीं !

दुसरी पिढी १९५० नंतरची. त्या वेळीं इंग्रजांनीं ०.२८० इंची हलकें काडतूस पुढें केलें होतें. बेल्जियमच्या ड्यूडोने सेव्ह यानें आपली ‘फाल’ रायफल त्यासाठींहि करून पाहिली. अमेरिकेनें पुन्हां भारी काडतुसाचा आग्रह धरला, आणि १९५४ सालीं ७.६२ मिलिमीटरचें काडतूस पाश्चात्य राष्ट्रांचें समान काडतूस ठरलें. त्याच काडतुसावर तीन रायफली उभ्या राहिल्या. अमेरिकेची १९५७ ची एम-१४ ही गॅरंडचीच वीस काडतुसांची कन्या. जर्मनांची जी-३ दणकट. पण ती रिकामीं काडतुसें दूर भिरकावते व त्यांवर ओरखडे उठविते, त्यामुळें काडतुसें पुन्हां भरणाऱ्या काटकसरी नेमबाजाचा जीव हळहळतो. आणि फाल : तिच्यांत वायूचें प्रमाण कमीजास्त करण्याची कळ असल्यामुळें निरनिराळ्या बनावटीचीं काडतुसें ती समजूतदारपणें पचविते. मूळ एम-१४ आणि जी-३ या सलग गोळ्या सोडूं शकणाऱ्या असल्यामुळें अमेरिकन नागरिक घेतो त्या त्यांच्या एकेक गोळी सोडणाऱ्या आवृत्त्या.

या फालशीं आपलाहि संबंध आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीं हिमालयांत आपले जवान ०.३०३ ची, हातानें बोल्ट ओढावयाची जुनी रायफल घेऊन उभे होते. त्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत तयार झालेली फालच्या घराण्यांतील १-ए-१ रायफल आपल्या सैन्याच्या हातीं आली. पुढें कित्येक वर्षें शिपाई तिला ‘एसएलआर’ या नांवानें ओळखत. १९७१ च्या युद्धांत तीच आपल्या पायदळाबरोबर होती. योग्य शस्त्राची निवड वेळेवर न झाल्यास तिची किंमत कोण देतो, हें आपणांस दुसऱ्यानें सांगावयास नको.

तेव्हां नेमबाजानें कोणती निवडावी ? आमचें मत असें. ज्यास इतिहास हातांत धरावयाचा आहे आणि ठराविक काडतुसें वापरण्याची शिस्त मान्य आहे, त्यानें गॅरंड घ्यावी. अमेरिकेंत तिच्यासाठीं खास सामने भरतात व २०० यार्डांवरून पडून आणि उभें राहून नेमाची कसोटी लागते. ज्यास बाजारांत मिळेल त्या काडतुसावर दिवस घालवावयाचा आहे, त्यानें फालच्या घराण्यांतली घ्यावी. पण कोणतीहि घेण्यापूर्वी तिचें काडतूस आज कोठें, किती आणि कोणत्या दरानें मिळतें, हें आधीं विचारावें. मॅकार्थरांनींहि हेंच विचारलें होतें.

१९६० नंतर अमेरिकन सैन्यानें ५.५६ मिलिमीटरचें लहान काडतूस घेतलें, आणि या साऱ्या भारी रायफली हळूहळू मैदानावरील खेळाकडे वळल्या. वाद मात्र मिटला नाहीं. आपल्या सैन्यानें २०१९ सालीं पुन्हां ७.६२ ची रायफल मागविली. २०२२ सालीं अमेरिकन सैन्यानें जें नवें काडतूस निवडलें, त्याचें बाजारांतील नांव ०.२७७ या आंकड्यानें सुरू होतें. त्याचें बळ पेडरसनच्या काडतुसाहून कितीतरी अधिक; पण आंकड्यांत अंतर इंचाच्या एक सहस्रांशाचें. नव्वद वर्षांपूर्वी कोठारांतल्या सांठ्यापुढें जो प्रश्न माघारला होता, तो दुसऱ्या वेषांत पुन्हां दारांत उभा आहे.