शीताचा प्रवास

लांबच्या प्रवासास निघणाऱ्या माणसापुढें दोन चिंता नेहमींच उभ्या असतात. बरोबर घेतलेलें अन्न मुक्कामापर्यंत टिकेल कीं नाहीं, ही एक; आणि ऐन उन्हांत घशाला गारवा देईल असें पाणी मिळेल कीं नाहीं, ही दुसरी. यांपैकीं पहिली चिंता आपल्या पूर्वजांनीं मोठ्या युक्तीनें टाळली. दुधांत पीठ मळून केलेल्या दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट, लाडू अशी शिदोरीच त्यांनीं योजिली कीं तिला गारव्याची गरज पडूं नये. दुसऱ्या चिंतेस मात्र अशी पळवाट नव्हती. ज्याला थंड पाणी हवें, त्याला शीतच बरोबर न्यावें लागे. हा प्रश्न अलीकडे यंत्रानें सोडविला, तत्पूर्वीं सारा अंधारच होता, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें तो बरोबर नाहीं. यंत्रानें शीत उत्पन्न करण्याचें काम सोपें केलें हें खरें. परंतु तें वाटेंत राखण्याची विद्या यंत्रापूर्वींच हातीं आली होती, आणि प्रवासांत आजहि उपयोगी पडते ती हीच विद्या होय.

शास्त्रदृष्ट्या पाहिलें तर शीत म्हणून कांहीं वेगळा पदार्थ नाहीं. उष्णतेची उणीव तेंच शीत. अर्थात् प्रवासांत आपली खरी झुंज असते ती बाहेरून आंत शिरूं पाहणाऱ्या उष्णतेशीं. तिच्याशीं लढण्याचे मार्ग दोनच. आंत आलेली उष्णता कांहीं मोल देऊन परत बाहेर घालविणें, हा पहिला. आणि तिला दाराशींच अडविणें, हा दुसरा.

पहिल्या मार्गाचें आपल्या परिचयाचें उदाहरण म्हणजे जाड कापडाची छागल. आगगाडीच्या खिडकीबाहेर किंवा मोटारीच्या तोंडाशीं टांगलेली छागल सारखी पाझरत असते, आणि वाऱ्याच्या झोतानें तें पाझरलेलें पाणी वाळत असतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते, व तींतली बरीचशी आंतल्या पाण्यांतूनच घेतली जाते. थोडें पाणी देऊन उरलेल्या पाण्याचा गारवा विकत घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. खानदेश-वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यांत तो उत्तम साधतो. कोंकणच्या दमट हवेंत मात्र पाणी वाळतच नाहीं, आणि तेथें छागलीची विद्या लंगडी पडते.

याच मार्गाचा राजेशाही प्रकार अकबराच्या दरबारीं होता. अबुल फजलानें ‘आईन-ए-अकबरी’मध्यें बादशहाच्या पाणीखात्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. धातूच्या सुरईंत एक शेर पाणी भरून तिचें तोंड बंद करीत; दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाणी घेऊन त्यांत अडीच शेर सोरा टाकीत; आणि त्या द्रावणांत ती सुरई कांहीं वेळ फिरवीत. सोरा विरघळतांना उष्णता शोषून घेतो, त्यामुळें सुरईंतलें पाणी गार होई. जो सोरा तोफेच्या दारूंत आग उत्पन्न करतो त्याच्याच साहाय्यानें पाणी निवविलें जावें, यांतली मौज अबुल फजलाच्याहि नजरेंतून सुटलेली नाहीं.

पुढें इ. स. १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबांत गेला आणि सोऱ्याऐवजीं हिमालयाच्या बाजूचा बर्फ वापरांत आला. लाहोरपासून सुमारें ४५ कोसांवरील डोंगरी मुलखांतून तो येई. नदीमार्गानें आणावयाचा तर त्या कामीं दहा नावा गुंतलेल्या, प्रत्येक नावेवर चार नावाडी, आणि त्यांपैकीं एक नाव रोज राजधानीस पोहोंचे. खुष्कीनें आणावयाचा तर चौदा टप्पे, व टप्प्याटप्प्यास घोडे बदलावयाचे. हमालांच्या डोकीवरून आणावयाचा तर चौदा टप्प्यांस अठ्ठावीस माणसें लागत. एवढें करून बाजारांत रुपयास दोन ते तीन शेर बर्फ मिळे. या हिशेबांत शीत राखण्याचा उपाय एकच दिसतो, तो म्हणजे घाई. उष्णतेस अडविण्याची कला अपुरी, म्हणून तिच्यापुढें धांवणें भाग; आणि धांवणारे पाय अर्थातच बादशहाचे नव्हते. उन्हाळ्यांत सर्व दर्जाचे लोक बर्फ वापरीत, असें अबुल फजल लिहितो. पण बारमास बर्फ परवडे तो अमीर-उमरावांसच.

घाईवांचून शीत राखण्याची कला सिद्ध झाली ती अमेरिकेंत, आणि तिची खरी परीक्षा झाली ती हिंदुस्थानच्या वाटेवर. बोस्टन येथील फ्रेडरिक टुडर यानें इ. स. १८०६ मध्यें आपल्याकडील गोठलेल्या तळ्यांचा सुमारें १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर नेला. लोकांनीं त्यास वेडा ठरविलें. बर्फ तेथें पोहोंचला, परंतु उतरल्यावर ठेवावयास कोठारच नसल्यामुळें तो डोळ्यांदेखत वितळला, आणि टुडरच्या पदरीं तोटा पडला. पुढें कर्जापायीं त्यास तुरुंगहि पाहावा लागला. पण या अपयशानें एक धडा शिकविला: गलबताचा प्रवास संपला म्हणजे बर्फाचा प्रवास संपत नाहीं, शेवटच्या पेल्यापर्यंत त्याची राखण झाली पाहिजे.

त्यानंतरचीं कित्येक वर्षें टुडरनें बर्फ कशांत गुंडाळावा याचे प्रयोग करण्यांत घालविलीं. गवत, भाताचा कोंडा, लाकडाचा भुसा असे नाना पदार्थ त्यानें वापरून पाहिले, व त्यांत भुसा सरस ठरला. लाकूड कापण्याच्या गिरण्यांना तो केवळ कचरा होता. भुशाच्या कणाकणांत कोंडलेली हवा उष्णतेस सहजासहजीं वाट देत नाहीं, हेंच त्याचें सामर्थ्य. दुसरी सुधारणा केली ती नॅथॅनियल वाइथ यानें. घोड्यानें ओढावयाचें एक हत्यार त्यानें तयार केलें, त्यामुळें तळ्यावरील बर्फाच्या सारख्या चौकोनी लाद्या काढतां येऊं लागल्या. लाद्या सारख्या झाल्या म्हणजे त्या भिंतीच्या विटांप्रमाणें एकमेकींस चिकटून बसतात, आणि सारी रास एकच प्रचंड ठोकळा बनते. ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट झाली तर त्याचा पृष्ठभाग चौपट होतो, पण आंतला बर्फ आठपट होतो. उष्णता शिरते ती पृष्ठभागांतून; म्हणून मोठी रास लहान तुकड्यांपेक्षां किती तरी अधिक टिकते.

मे १८३३ मध्यें ‘टस्कनी’ नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघालें. आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालून जाणारा हा मार्ग विषुववृत्त दोनदां ओलांडतो. चार महिन्यांनीं, सप्टेंबरांत, तें हुगळींत शिरलें तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. बंगाल्यांत बर्फ मुळींच ठाऊक नव्हता असें नाहीं. थंडीच्या रात्रीं उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून हुगळीकडे बर्फ धरीत. पण तो पातळ, गढूळ आणि लवकर विरघळणारा असे. दाराशीं झालेला बर्फ टिकूं नये, आणि अर्धें जग ओलांडून आलेला बर्फ दगडासारखा असावा, हा चमत्कार नव्हे. हा भुशाचा आणि बांधणीचा गुण होय. सरकारनें या मालावरील जकात माफ केली, तो रात्रीं उतरविण्यास परवानगी दिली, आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनीं टुडरच्या प्रतिनिधीस सोनेरी मुलाम्याचा रुप्याचा पेला नजर केला. पुढच्या जहाजांतून बर्फाच्या सोबतीनें अमेरिकेचीं सफरचंदेंहि ताजीं येऊं लागलीं.

दुसऱ्याच वर्षीं, १८३४ मध्यें, हा बर्फ मुंबईसहि आला. जमशेटजी जीजीभाई यांनीं एका मेजवानींत पाहुण्यांस आइसक्रीम दिलें आणि यजमानांसह सर्वांस पडसें झालें, अशी गोष्ट सांगतात. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही शहरांत बर्फघरें उभीं राहिलीं. मद्रासचें आजहि उभें आहे. १८९७ मध्यें स्वामी विवेकानंद त्या वास्तूंत राहिले होते, आणि आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. हा धंदा जवळजवळ अर्धें शतक चालला. १८७८ मध्यें कलकत्त्यास बेंगॉल आइस कंपनी निघाली, यंत्राचा बर्फ स्वस्त झाला, आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचीं बर्फाचीं जहाजें येईनाशीं झालीं.

तेव्हां जिंकलें यंत्रच, असें कोणी म्हणेल. परंतु यंत्र जिंकलें तें बर्फ करण्यांत. यंत्राचा बर्फहि कारखान्याबाहेर पडतांच पुन्हा भुशाच्या आणि गोणपाटाच्याच आश्रयास गेला. जेम्स डेवर यानें १८९२ मध्यें जें दुहेरी भिंतीचें निर्वात पात्र केलें आणि ज्यापासून पुढें आपला थर्मास निघाला, तेंहि थेंबभर शीत उत्पन्न करीत नाहीं. उष्णतेस अडवितें, एवढेंच. आज कुटुंबें मोटारींत जी बर्फाची पेटी घेऊन जातात, तिच्या हलक्या कृत्रिम फेसाच्या भिंतींत भुशाप्रमाणेंच हवा किंवा तिच्यासारखा वायु कोंडलेला असतो. बर्फाचा चुरा न घेतां मोठा ठोकळा घ्यावा, जिन्नस आधींच गार करून भरावेत, मधल्या पोकळ्या भरून काढाव्यात, झांकण वारंवार उघडूं नये, हे त्या पेटीचे सर्व नियम टुडरच्या गलबतासहि लागू पडते.

येथपर्यंतचा इतिहास वाचून कोणी विचारील कीं, बादशहाचें सरबत आणि धनिकांचें आइसक्रीम यांच्या कथेशीं सामान्य माणसास काय कर्तव्य? हा प्रश्न रास्त आहे. दीर्घकाळ शीताचा प्रवास एकाच दिशेनें होत राहिला: वाहणारे गरीब, आणि चाखणारे श्रीमंत. ही दिशा आपल्याच काळांत उलटी फिरली. पोलिओची लस उष्णतेनें फार लवकर निकामी होते. गांवोगांव फिरवितांना ती दोन ते आठ अंशांच्या दरम्यान राखावी लागते, आणि तेंही जेथें वीज नाहीं, कधीं कधीं रस्ताहि नाहीं, अशा ठिकाणीं. यासाठीं जी पेटी आरोग्यसेविकांच्या खांद्यास आली, तिच्यांत यंत्र नाहीं. जाड भिंती, घट्ट झांकण, आणि आंत गोठविलेल्या पाण्याच्या चार चपट्या बाटल्या. लसीच्या कुपीवर एक खूण असते. उष्णता लागत जाईल तसतशी ती काळवंडते, आणि राखणींत कसूर झाली असेल तर तें दाखवून देते. अकबराच्या हमालांस हा साक्षीदार मिळाला नव्हता.

अशा पेट्या पायीं, सायकलीवर, पुराच्या पाण्यांतून नावेनें गेल्या. भारतांतील नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. ज्या हुगळींत ‘टस्कनी’ जहाजानें बर्फ आणला, तिच्याच कांठचा हा जिल्हा. त्या जहाजाच्या स्वागतास नगरांतले प्रतिष्ठित लोक जमले होते, आणि बर्फ आणणाऱ्यास पेला मिळाला. खांद्यावर पेटी घेऊन दारोदार गेलेल्या बायांस तसा पेला कोणीं दिला नाहीं. पण शीताच्या साऱ्या इतिहासांत त्यांच्या इतकें मोलाचें ओझें कोणीं वाहिल्याचें आम्हांस तरी आढळत नाहीं.