प्रिमरोझला भीती थंडीची नव्हे, उन्हाळ्याची

ब्रिटनमध्ये थंडी पुरती ओसरण्याआधीच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कुंपणांच्या कडेला आणि पानगळीच्या झाडांखाली फिकट पिवळी फुले उमलू लागतात. ‘प्रिमरोझ’ या नावाचे मूळ ‘प्रिमा रोझा’, म्हणजे ‘पहिला गुलाब’, या लॅटिन शब्दांत आहे. गुलाबाच्या कुळाशी मात्र या फुलाचा काहीही संबंध नाही. वनस्पतिशास्त्रात ते ‘प्रिम्युला व्हल्गॅरिस’ म्हणून ओळखले जाते. सुरकुतलेल्या पानांचा जमिनीलगतचा झुपका आणि वीतभरही उंची नसलेली फुले, एवढाच त्याचा पसारा. माजी पंतप्रधान बेंजामिन डिझरायली यांचे 1881 मध्ये निधन झाले, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने याच फुलांचे चक्र पाठविले होते. त्यानंतर 19 एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन ‘प्रिमरोझ डे’ म्हणून पाळला जाऊ लागला.

हे रोप बहुवर्षायू असून उणे 15 अंश सेल्सिअसची थंडीही सहज सोसते. तरीही अनेक बागांतून ते दोन-तीन वर्षांत नाहीसे होते. दोष बहुधा थंडीला दिला जातो. पण खरे कारण उन्हाळ्यात कोरडी पडलेली माती हे असते. ब्रिटनमध्ये जुलै 2022 मध्ये तापमानाने प्रथमच 40 अंशांचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून तर हा प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे. आग्नेय इंग्लंडमध्ये मुळातच पाऊस कमी. त्यामुळे लंडनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या आणि घरामागे बाग राखणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावे. (पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात या रोपाचा निभाव लागणे नाही.)

‘सावलीतील झाड’ या शब्दांनीही फसगत होते. प्रिमरोझला हवी असते ती पानगळीच्या झाडांची सावली. फांद्या निष्पर्ण असताना फुलण्यापुरते ऊन मिळावे आणि पुढे पालवी दाटली की मुळांना गारवा मिळावा, असा हा हिशेब आहे. सदाहरित झाडाखालील कायमचा अंधार किंवा पाऊसच न पोहोचणारा भिंतीचा पायथा त्याला मानवत नाही. चिकणमाती चालते, पाणी साचून राहणारी जमीन मात्र नको. लागवडीपूर्वी कुजलेल्या पानांचे खत भरपूर मिसळावे आणि दोन रोपांत 20 ते 25 सेंटीमीटर अंतर ठेवावे. लागवडीला सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. पहिल्या उन्हाळ्यात पाणी देण्यात कसूर होऊ नये.

जुने झुपके मध्यभागी निबर होतात, त्यांचा बुंधा मातीबाहेर डोकावू लागतो आणि फुले कमी येतात. अशा वेळी, साधारणतः दर दोन-तीन वर्षांनी, बहर संपताच संपूर्ण झुपका उपटून त्याचे भाग करावेत. जून झालेला लाकडी भाग कापून टाकावा आणि प्रत्येक भाग पानांच्या तळापर्यंत मातीत बसवून पाणी द्यावे. जिथे उन्हाळा कोरडा असतो, तिथे हे काम सप्टेंबरवर ढकललेले बरे.

सर्वांत घातक शत्रू म्हणजे ‘वाइन वीव्हिल’ हा काळा सोंड्या भुंगा. पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसल्या की त्याची चाहूल लागते. परंतु खरा घात मातीतील पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या करतात. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत त्या मुळे कुरतडतात आणि एके दिवशी मलूल झालेले रोप अलगद हाती येते. कुंड्यांत हा उपद्रव अधिक असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माती उबदार व ओलसर असताना अळ्यांना मारणारे सूत्रकृमी पाण्यातून सोडणे, हा त्यावरील प्रभावी उपाय होय.

हिवाळ्यात दुकानांत मिळणारी भडक रंगांची रोपे बहुधा काचघरात वाढविलेली संकरित असतात; ती सर्वच बागेत टिकतील असे नाही. टिकाऊपणा हवा असेल तर मूळ जाती किंवा जांभळट फुलांचा ‘वांडा’ हा जुना वाण घ्यावा. ओलसर कोपऱ्यासाठी हिमालयातील ‘प्रिम्युला डेंटिक्युलेटा’ उत्तम. तिचे गोल गेंद उत्तराखंडच्या फुलांच्या दरीतही पाहायला मिळतात.

बियांपासून रोपे करायची असल्यास फुले निरखून घ्यावीत. काही रोपांच्या फुलांत घशाशी टाचणीच्या डोक्यासारखा कुक्षिवृंत दिसतो, तर काहींत पुंकेसर. या दोन प्रकारांत परस्पर परागीभवन झाल्यासच बी चांगले धरते, हे चार्ल्स डार्विन यांनी 1862 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. म्हणून बागेत दोन्ही प्रकारची रोपे असावीत. बी ताजे असतानाच पेरावे. रानातील रोपे उपटून आणण्याचा मोह मात्र टाळावा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानरोपे उपटणे हा ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.